महायुद्धाच्या मध्यंतराविरुद्ध

युरोपातल्या युद्धपटांतील प्रेमिकांविषयी माझी मूळ तक्रार अशी, की त्यांच्यापैकी एकालाही कायद्याचे प्राथमिक ज्ञान नसते. सैनिक आघाडीवर बेपत्ता होतो. चार दृश्ये होत नाहीत तोच त्याची बायको पाणावलेल्या डोळ्यांनी गावातल्या डॉक्टरशी लग्नाला उभी राहते. बेपत्ता इसमास मृत मानायचे तर सात वर्षे त्याची वार्ता नसावी लागते, हे न्यायालयात एक दिवस बसलेला माणूसही सांगेल. पण तिथे व्हायोलिन वाजू लागते, चर्चवर बर्फ पडू लागतो आणि माझी पत्नी पर्समधून रुमाल काढते.

जिने जन्मात फ्रीजरबाहेर बर्फ पाहिला नाही, त्या देवगडच्या बाईला हे चित्रपट प्राणप्रिय आहेत. न्यायालयातली नोकरी संपल्यापासून मला पत्रे प्रिय आहेत. पालिकेला, वीज कंपनीला, आणि कांजूरमार्गच्या कचऱ्याच्या डम्पिंगच्या वासाबद्दल, ज्यांचे नाक सरकारी पगारावर आहे अशा सर्वांना मी लिहितो. चित्रपटगृहातही माझी नजर पडद्यापेक्षा त्रुटींवर असते. एकदा पाण्याच्या बाटलीच्या किमतीवरून आणि एकदा आपत्कालीन दारापुढे रचलेल्या खोक्यांवरून मी व्यवस्थापकाकडे गेलो. दोन्ही वेळा परतेपर्यंत युद्ध संपले होते. म्हणून या खेपेस, मुलुंडला दुपारच्या खेळासाठी निघताना, तिने रिक्षातच अट घातली.

"आज खुर्चीतून उठायचं नाही. छत कोसळलं तरी. मला तो परत आलेला बघायचाय, आणि तेव्हा तुम्ही शेजारी हवे आहात. उठलात तर यापुढे मी भजनी मंडळातल्या बायकांबरोबर जाणार."

"छत कोसळल्यास तो अपवाद धरावा..."

"गप रवा!" संतापली की ती माहेरच्या बोलीत शिरते.

अट मी मान्य केली आणि पाळलीही. वातानुकूलन हिमयुगाच्या तोडीचे होते. मी उठलो नाही. खंदकात मरणाऱ्या मित्राच्या ओठांत नायकाने सिगारेट ठेवली, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात धूम्रपान आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना उमटली. पोटात गोळी घुसलेल्या माणसाला ती किंचित उशिरा मिळत होती, पण नियम तो नियम. मी समाधानाने मान डोलावली.

मग ते दृश्य आले. नायिका पावाच्या रांगेत उभी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरशी लग्न, अर्थात बेकायदा. रस्त्याच्या टोकाकडून एक लंगडणारा, खंगलेला माणूस येतो. टोपी काढतो. ती वळते, तिचे ओठ उघडतात, आणि सभागृहात भक्क उजेड. मध्यंतर. पडद्यावर पॉपकॉर्नची जाहिरात.

हे चित्रपट मध्यंतर धरून केलेले नसतात. आमचे लोक वाटेल तिथे सुरी चालवतात. मी खुर्चीचे दोन्ही हात आवळून धरले. तक्रारीचा मसुदा परिच्छेदांसह डोक्यात तयार होता. तेवढ्यात शेजारची खुर्ची खाडकन मिटली.

"मेल्यांनी नेमके तिथंच दिवे लावले! थांबा, बघतेच मी."

"अगं, पण तू..."

"अट तुम्हाला होती, मला नाही."

हा युक्तिवाद कायद्याला धरून होता. ती तरातरा गेली, पर्स आणि फोन माझ्या मांडीवर टाकून. ती बाहेर व्यवस्थापकाला फैलावर घेत असतानाच दिवे विझले. तिला हाक मारण्यासाठी मी अर्धा उठलो. पडद्यावर तो रांगेपाशी पोहोचला होता. मी अर्धा बसलो. यातली कोणतीही स्थिती काटेकोर अर्थाने 'उठणे' ठरत नाही.

ती परतली तेव्हा पडद्यावर डॉक्टरसह तिघे एका स्वयंपाकघरात बसले होते. तिच्या हातात भरपाईदाखल मिळालेला पॉपकॉर्नचा पुडा होता. तो स्वीकारल्याने आपली बाजू कमकुवत होते, हे मी निदर्शनास आणले.

"भेटले?" तिने कुजबुजत विचारले.

"भेटले. चित्रपट चालू असताना बोलू नये."

तिने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवून दिला. उरलेला चित्रपट ती कोरड्या डोळ्यांनी पाहत राहिली.

परतताना रिक्षा महामार्गाला लागली. "सांगा आता," ती म्हणाली.

"उभय पक्ष समोरासमोर आले. रांग पुढे सरकली. ते सरकले नाहीत."

"अहो, पंचनामा नको! काय म्हणाला तो?"

"काही नाही. तीही नाही. मागची बाई म्हणाली, पुढे व्हा."

"मग?"

"मग त्याने तिचा हात धरला."

"कसा?"

इतकी वर्षे इतरांचे जबाब मी शब्दशः उतरवून घेतले. या एका प्रश्नाला मला शब्द सापडेना. म्हणून तिचा हात घेऊन दाखवले. आधी फक्त बोटे, ती आपलीच आहेत ना याची खात्री करून घेतल्यासारखी. मग सगळा तळहात.

रिक्षावाला आरशातून पाहू लागला. समोर पाहून वाहन चालवण्याची मी त्याला समज दिली.

"एवढा वेळ धरला?" तिने विचारले.

"याहून जास्त."

कांजूरमार्ग आले तसा डम्पिंगचा भपका रिक्षात शिरला. तिने उजव्या हाताने पदर नाकाला लावला. डावा तिने परत मागितला नाही.