इर्मा कोस्टेलनिकने क्लीव्हलँडची बाजू घेतली तेव्हा

आमच्या कोलरनमध्ये, पिट्सबर्गच्या वरच्या अंगाला नदीकाठी, इर्माबाई कोस्टेलनिक एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती. शुक्रवारी शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाला परगावी नेणारी बसही तिचीच. मीही तिच्याच बसमधून शाळा पुरी केली. बाई बोलायची कमी. पण आरशातून अशी बघायची, की मागच्या बाकावरचाही सरळ बसे.

दरवर्षी देशाच्या मोठ्या लीगच्या अंतिम सामन्याच्या आदल्या शनिवारी सकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नाश्ता असे, आणि नाश्त्यावर वाद: आजवरचा सर्वांत थोर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, संघाला खेळवणारा गडी, कोण? वाद पुरुषांचा, पॅनकेक बायकांचे. इर्माबाईने बावीस वर्षं तो वाद स्वयंपाकघरातून, पिठाचं भांडं हातात धरून ऐकला होता. त्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. उभं राहायची मनाई. म्हणून बायकांनी तिला बाहेर खुर्चीवर, पुरुषांत नेऊन बसवलं.

तिचा दीर चेस्टर हा वादातला पहिलवान. आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. लागोपाठ सहा वर्षं तोच जिंकलेला. त्याने मोंटानाचं नाव घेतलं. "आपल्या मोनोंगहेलाचा पोरगा! चार वेळा अंतिम सामन्यात गेला, चारही वेळा जिंकून आला. चार सामन्यांत शत्रूच्या हातात एक चेंडू दिला नाही! आहे कुणाची बिशाद?"

टाळ्या पडल्या. त्या विरल्यावर इर्माबाई म्हणाली, "ऑटो ग्रॅहम."

कुणाच्या तरी हातातून काटा ताटात पडला. ग्रॅहम क्लीव्हलँडचा! पिट्सबर्गचं त्यांच्याशी हाडवैर; आमच्याकडे क्लीव्हलँडचं नाव जेवताना काढत नाहीत.

"वहिनी," चेस्टर म्हणाला, "गुडघ्याला भूल दिली होती की डोक्याला?"

हशा झाला. बाई हसली नाही. काठी टेकून उठली. "दहा हंगाम खेळला. दहाही वर्षं संघाला अंतिम सामन्यात नेलं. सात जिंकले."

"म्हणजे तीन हरला की!"

"हरला. हरायला आधी तिथवर पोचावं लागतं, चेस्टर. तुझा मोंटाना ज्या वर्षांत पोचलाच नाही, ती वर्षं तू कुठल्या खिशात घालतोस?"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. चेस्टरचे कान लाल झाले. "अगं, त्यातली चार वर्षं लिंबूटिंबू लीगमधली!"

"बरं झालं आठवण केलीस. पन्नास साली ते मोठ्या लीगमध्ये आले. पहिलाच सामना कुणाशी? फिलाडेल्फियाशी, गतविजेत्यांशी. त्यांच्याच घरी जाऊन पस्तीस-दहा धुतलं. आणि त्याच वर्षी अजिंक्यपदही नेलं. लिंबूटिंबू म्हणे!"

मग तिचा आवाज जरा खाली आला. ग्रॅहमने एकदा खेळ सोडला होता, ती सांगू लागली. प्रशिक्षकाने परत बोलावलं म्हणून आणखी एक हंगाम खेळला. पंचावन्नच्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा शेवटचा अंतिम सामना ऐकायला तिच्या वडिलांनी रेडिओपाशी खुर्ची ओढली होती. ते तरुणपणी क्लीव्हलँडच्या गोदीत राबलेले. इथे ते नाव त्यांनी कधी मोठ्याने घेतलं नाही. अकरा वर्षांची इर्मा त्यांच्या पायाशी बसलेली. "दोनदा फेकून, दोनदा स्वतः पळून गुण केले त्यानं. जिंकला, आणि घरी गेला. बाबा उठून स्वयंपाकघरात आईबरोबर नाचले. मी त्यांना नाचताना पुन्हा कधी पाहिलं नाही."



"एकतीस वर्षं हरलेले संघ घरी आणलेत मी," ती म्हणाली. "परतीच्या वाटेवर सगळी बस एकाच पोराकडे बघत असते. ज्याच्याकडे बघून पुढच्या शुक्रवारी पुन्हा बसमध्ये चढावंसं वाटतं, तो क्वार्टरबॅक. दहा वर्षं अख्खं शहर ग्रॅहमकडे बघून चढलं. झालं माझं."

मग रीतीप्रमाणे मतं घेतली, हात वर झाले. स्वयंपाकघरातल्या बायकाही पिठाचे हात घेऊन दारात आल्या.

"त्यांचं मत कधी मोजलंय?" चेस्टर ओरडला.

"पॅनकेक मोजून खातोस ना?" त्याची बायको स्टेला म्हणाली. "मग हातही मोज."

त्याने मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा बोट नाचवत मोजले. मग खुर्चीवर चढला, आणि भोंगा असा मऊ झालेला आम्ही पहिल्यांदा ऐकला: "सव्वीस विरुद्ध बावीस. क्लीव्हलँडचा... देवा, माफ कर... ऑटो ग्रॅहम."

जिंकणाऱ्याने जुन्या बंबाची घंटा वाजवायची रीत. इर्माबाईने काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि अशी ओढली, की समोरच्या चर्चमधले फादर आग लागली समजून पायजम्यावर धावत आले. बाई थांबेना. "बाबांसाठी!" ती ओरडली आणि आणखी एकदा ओढली.

पुढच्या वर्षी वादाला पाच बायका उभ्या राहिल्या. स्टेलाने पिट्सबर्गमध्येच जन्मलेल्या युनायटसचं नाव घेऊन इर्माबाईला तीन मतांनी हरवलं.