वासच न्हाई

तळहातावर चिमूटभर भाजलेला मसाला घ्यायचा, डोळे मिटायचे, नाक पार तळहातात खुपसायचं आणि छाती फुगेपर्यंत श्वास ओढायचा. मग डोळे उघडून समोरच्या बाईकडे असं बघायचं, जणू तिनं घरून माती भाजून आणलीय. "वासच न्हाई!"

रहिमतपुरात आमच्या आळीच्या तोंडाशी मामांचं मिरची-कांडप होतं. मामा म्हणजे साऱ्या आळीचे मामा. उन्हाळा लागला की वर्षाच्या कांदा-लसूण चटणीसाठी आम्ही बायका वाळक्या मिरच्या आणि भाजलेला मसाला घेऊन तिथं नंबर लावायचो. मामांनी मसाला हुंगून मान डोलावल्याशिवाय कांडप सुरू व्हायचं नाही. तुमच्याही गावात असा एक माणूस असेल. त्याला कुणी नेमलेलं नसतं, पण त्याच्या होकाराशिवाय कुणाचं चालत नाही.

पूर्वी मामा लगेच मान डोलवायचे. पुढे पुढे ते बंदच झालं. "धन्याला वास न्हाई, लवंगंला वास न्हाई. सगळं हायब्रीड!" आम्हीही हो ला हो करायचो. कशालाच पहिल्यासारखी चव राहिली नाही, हे आपल्याकडे कुणालाही पटतं. मामा म्हणायचे, लवंग वाढवा, आणखी भाजा. आम्ही वाढवायचो, भाजायचो. आळीची चटणी दर वर्षी काळी आणि जहाल होत गेली. माझे धाकटे दीर मुंबईहून आले, चटणी-भाकरीचा एक घास घेतला आणि ताटावरून उठून थेट नळाखाली तोंड धरून बसले. मामांना सांगितलं, तर म्हणाले, "शहरात ऱ्हाऊन जीभ मऊ पडलीया त्येंची."

त्यांच्या नाकावर शंका घ्यायची सोयच नव्हती. मिरचीच्या धुरळ्यानं त्यांनाही आमच्यासारख्याच शिंका यायच्या, डोळ्यांना धारा लागायच्या. "ठसका बसतोय न्हवं? मग नाक जाग्यावर हाय," असं ते स्वतःच सांगायचे.

या सगळ्यात हकनाक भरडले गेले ते गफूरभाई. समोरच त्यांचं खड्या मसाल्याचं दुकान. दुपारी दुकानाचा पडदा ओढून ते कांडपावर यायचे, त्यांच्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर बसायचे आणि एक कप चहा दोघं दोन बश्यांत ओतून प्यायचे. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून हे बघत होतो. एके दिवशी मामा भर गिऱ्हाइकांत त्यांच्या दुकानात गेले आणि ओरडले, "गफूर, तुझी वेलची म्हंजी निस्ता भुसा! अर्क काढून इकतोयस व्हय?" गफूरभाईंनी बरणीचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून स्टूल रिकामं राहिलं. मामा चहा मात्र दोन बश्यांतच घ्यायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. माझं माहेर सांगलीचं, म्हणून तिथल्या विश्रामबागेतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे मामा-मामींना मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी हात तपासला आणि ते भलतंच विचारायला लागले.

"पोट साफ होतं का?"

"हात दावाया आलोय न्हवं?" मामा म्हणाले.

"झोपेत ओरडता, लाथा मारता?"

मामांनी मामींकडे वळून डोळे वटारले. मामी म्हणाल्या, "आवं, म्या काय बी सांगितलं न्हाई! पर खरं हाय डाक्टर. झोपंत कुस्त्या खेळत्यात. मी सयपाकघरात झोपती."

"वास येतो का?"

"मालालाच वास न्हाई, तर मला कुठनं येनार?"

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि एक बाटली उघडून नाकाखाली धरली. मामांनी छातीभर श्वास ओढला. "रिकामी हाय," ते म्हणाले.

"आवं, काफीची पूड हाय! हितपातूर वास आलाय," मामी म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हा कंपवात. यात हात पुष्कळदा नंतर थरथरतो, पोट, झोप आणि वास आधीच बिघडलेलं असतं. "किती आधी?" मामांनी विचारलं. कधीकधी बरीच वर्षं आधी, असं डॉक्टर म्हणाले. मी मिरचीच्या ठसक्याचं विचारलं, तर म्हणाले, तो वास गेला तरी बसतो.

परतताना मामा खिडकीबाहेर बघत बसले होते. दुखण्याला घाबरले असतील, असं मला वाटलं. विटा गाव ओलांडल्यावर ते म्हणाले, "म्हंजी गफूरची वेलची चांगली हुती."

घरी न जाता ते तसेच दुकानात शिरले. दुखण्यानं आवाज बसला होता, चेहराही फारसा हलत नव्हता. भांडण खणखणीत झालं होतं, माफी मात्र कुणाला ऐकूच जाईना. "काय म्हंतोस? आता काय खराब निघालं?" गफूरभाई गुरकावले. मी बोलायला पुढे झाले, तर मामांनी हातानं थांबवलं. बरणीकडे बोट केलं. गफूरभाईंनी झाकण काढलं. मामांनी नाक बरणीत घातलं.

"आला वास?"

"न्हाई."

"मग?"

"चांगली हाय."

मग मामींनी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा ओढून गफूरभाई कांडपावर आले.

त्यानंतर मसाला गफूरभाई हुंगायचे, मामांच्या कानात सांगायचे आणि निकाल मामा द्यायचे. शुक्रवारी दुपारी कुणी घाई केली, तर मामा म्हणायचे, "थांबा पोरींनो, माझं नाक नमाजाला गेलंय." आळीची चटणी पुन्हा माणसांनी खाण्याजोगी झाली. माझे दीर डबा भरून घेऊन गेले.

गेल्या थंडीत मामा गेले. कांडप आता मामी चालवतात. या चैत्रात माझा नंबर आला. यंदा मसाला असा भाजला गेला होता की आळीभर घमघमाट सुटला होता. स्टुलावरच्या गफूरभाईंनी चिमूटभर हातावर घेतला, हुंगला आणि सांगायला शेजारी वाकले. शेजारी मामांची रिकामी खुर्ची होती. तसेच वाकलेले राहिले थोडा वेळ.

मग सरळ होऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "वासच न्हाई."

मी घरी गेले आणि मूठभर लवंगा आणखी भाजून आणल्या.