डेला कार्ड कोणाच्या हातात देते

मंगळवारी सकाळी आठ वाजून बावीस मिनिटांनी लोवेल प्रुइट स्वयंपाकघरात दहा छोट्या कागदी कपांत सफरचंदाचा शिजवलेला गर भरत होते. प्रत्येक कपात एकच चमचा. गर घरचा, आदल्या दिवशी शिजवून गाळलेला आणि दालचिनी न घातलेला, कारण दालचिनीचा वास आला की त्यांची नात डेला कप दूर ढकलते. डेला पाच वर्षांची आहे. ती बोलत नाही. तिची थेरपिस्ट शॉना टीग दुकानातला गर आणते, प्लास्टिकच्या डब्यातला. त्यात दालचिनी असते. शॉनाच्या हातून डेला तो खाते. शॉना येऊ लागल्यापासूनच्या अकरा महिन्यांत ही गोष्ट लोवेल यांनी कोणाजवळ बोलून दाखवलेली नाही.

आठ सत्तावीसला दाराशी गाडी थांबली. डेला सोफ्यावरून उतरून धावली आणि दाराच्या काचेला कपाळ टेकवून उभी राहिली. लोवेल तिला सहाला उठवतात, न्हाऊ घालतात, मोजे उलटे करून घालतात, कारण शिवण आत असली की तिला टोचते. त्यांच्यासाठी ती कधी धावली नाही. "तुम्ही कुठे जातच नाही डॅड, मग ती धावणार कशी?" असं त्यांची मुलगी रेनी एकदा म्हणाली होती. म्हणणं बरोबर होतं. त्यानं त्यांना काही बरं वाटलं नाही.

रेनी ही डेलाची आई. ती मन्सीच्या रुग्णालयाच्या लाँड्रीत सात ते तीन काम करते. त्या वेळात घरी लोवेल असतात. ते सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली. त्याआधी एकतीस वर्षं ते गिअरच्या कारखान्यात तपासनीस होते. एका वर्षी त्यांनी चारशे गिअरची अख्खी खेप नाकारली, कारण दातांचं माप केसभर चुकत होतं. माल न्यायची गाडी बाहेर उभी होती आणि फोरमन डोक्यावर उभा होता. प्रुइटच्या आईनं त्याला दूधही मापूनच पाजलं असणार, असं त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत लोक म्हणत. लोवेल यांना ते आवडायचं.

शॉना सव्वीस वर्षांची आहे. तिची पद्धत वर्तनाच्या अभ्यासावर उभी आहे. मुलानं एक गोष्ट केली की त्याला हवं ते लगेच मिळतं, मग ते ती गोष्ट पुन्हा करतं. प्रत्येक प्रयत्न शीटवर नोंदवायचा, जमला तर अधिकची खूण, नाही जमला तर उण्याची. डेला शिकत होती ते दिसायला साधं होतं. समोर प्लास्टिकचं आवरण घातलेली चित्रांची कार्डं असतात, गर, झोका, बिस्किट. हवं त्याचं कार्ड उचलायचं आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायचं. शॉनाच्या हातावर तिनं तिसऱ्या आठवड्यात पहिलं कार्ड ठेवलं. आता ती दहातून नऊ वेळा ठेवते.

लोवेल यांच्या हातावर तिनं एकदाही ठेवलेलं नव्हतं. त्यांचं मनगट धरून ती त्यांना फ्रिजकडे ओढायची. बहुतेक वेळा तेवढीही गरज पडायची नाही. तिनं खालचा ओठ चावला की गर, कानामागे खाजवलं की झोका, हे त्यांना ठाऊक होतं. ती सोफ्यावरून उठायच्या आत त्यांनी फ्रिज उघडलेला असायचा. आपल्याएवढं हिला कोणी ओळखत नाही, असं त्यांना वाटायचं, आणि ते खरंही होतं.

या कामात एक नियम आहे. मूल एखादी गोष्ट एकाच माणसापाशी करत असेल, तर ती त्याला आली असं धरत नाहीत. दुसऱ्या माणसापाशी, सलग तीन दिवस, दहातून आठ वेळा जमली तरच आली. तो दुसरा माणूस म्हणजे लोवेल. शॉना गेल्यावर रोज सव्वा वाजता दहा प्रयत्न घ्यायचे आणि खुणा करायच्या, हे काम त्यांच्याकडे आलं.

शॉना ज्या केंद्रातून येते, ते केंद्र दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी चर्चच्या तळघरात घरच्या लोकांना बोलावतं. तिथे कॉफी असते, डोनट असतात, आणि एका कपाटात कार्डं, खेळणी, पुस्तकं ठेवलेली असतात. ज्याला हवं त्यानं घरी न्यावं. लोवेल एकदाच गेले. एक ट्रकवाला बाप सांगत होता, "माझ्या पोराला थेरपिस्टच्या गाडीचा आवाज दोन गल्ल्यांवरून कळतो. माझ्या गाडीला अठरा चाकं आहेत, ती त्याला ऐकू येत नाहीत." सगळे हसले. आपल्याकडे बघून तर हसत नाहीत ना, असं लोवेल यांना वाटलं. निघताना त्यांच्या हातात घरच्यांसाठीच्या सूचनांचा कागद दिला गेला. तिसरी ओळ होती, मागण्याआधी देऊ नका. घरी येऊन त्यांनी तो कागद चमच्यांच्या खणात टाकला, आणि परत कधी तिथे गेले नाहीत.

शॉना घरात आली की त्यांना दहा गोष्टी टोचायच्या. ती डेलाच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसायची, जे लोवेल यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. ती डेलाला शिंकल्यासारखा आवाज काढून हसवायची. रेनी संध्याकाळी घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारायची, आज शॉना काय म्हणाली. आणि इंडियानातल्या कुठल्याही आजोबांसारखं लोवेल यांना घरात डेलापुढे पपॉ म्हणत, तर पंधरा दिवसांत शॉनाही पपॉ म्हणू लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी दहा प्रयत्न झाले, दहाही उणे. रेनी तीनला येणार होती आणि शीट फ्रिजवर लागणार होती. लोवेल यांनी पेन्सिल घेतली आणि सात ठिकाणी अधिकची खूण केली. दहा केल्या नाहीत. दहाला कोणीही हटकलं असतं. दुसऱ्या दिवशी आठ, मग सात, मग आठ, नऊ, आठ. ज्यानं आयुष्यभर मापं घेतली, त्याला खोटं मापही खरं वाटेल असं लिहिता येतं. असे सोळा दिवस गेले.

शॉनाच्या वरच्या सुपरवायझर इंग्रिड हॅलोरन शीट बघून खूश झाल्या. मूल घरच्या माणसापाशी मागू लागलं, म्हणजे काम पुढे सरकलं. त्यांनी सुचवलं की जूनपासून शॉना पाचऐवजी तीनच दिवस येईल. त्या रात्री लोवेल यांना छान झोप लागली. मंगळवार आणि गुरुवार आपला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पुढची गोष्ट त्यांना सोमवारी कळली. ऑगस्टमध्ये डेला बालवाडीत जाणार आहे, आणि तिच्याबरोबर वर्गात एक मदतनीस द्यायचा की नाही हे शाळा ठरवणार होती. शाळेला जाणारा अहवाल रेनीनं जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. मूल घरीही कार्डानं मागते, असं त्यात लिहिलं होतं. वर्गात वेगळ्या मदतनीसाची गरज दिसत नाही.

"म्हणजे ती इतर मुलांसारखीच बसेल, डॅड," रेनी म्हणाली. "तुमच्यामुळे."

चोवीस मुलांच्या वर्गात डेला कोणाचं तरी मनगट धरून ओढत असेल आणि ती काय मागतेय ते कोणालाही कळणार नाही, हे लोवेल यांना स्पष्ट दिसलं. खरं सांगितलं तर मदतनीस मिळेल. खरं सांगितलं तर शॉनाही पाच दिवस येत राहील. त्यांनी उठून सफरचंदं सोलायला घेतली.

दहा कप भरले त्या मंगळवारी साडेनऊला हॅलोरन आल्या. अहवाल पाठवण्याआधी एक तपासणी करायची असते. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या कागदाकडे न बघता खुणा करायच्या आणि मग शीट जुळवायच्या. लोवेल यांना ते समजावून सांगावं लागलं नाही. कारखान्यात एकच गिअर दोन तपासनीस असाच मोजत.

ते डेलासमोर बसले. एक कप तिला दिसेल असा हातात, दुसरा तळहात उघडा. गराचं कार्ड तिच्या पुढ्यात. तिनं कपाकडे पाहिलं, ओठ चावला आणि त्यांचं मनगट धरलं. कोपराखाली बोटानं जरासं ढकललं असतं तर तिचा हात कार्डावर गेला असता. हॅलोरन डावीकडे बसल्या होत्या, त्यांना ते दिसलंही नसतं. लोवेल यांनी हात हलवला नाही. पेन्सिलीनं उण्याची खूण केली. दुसरा प्रयत्न, उणे. पाचव्याला डेला रडायला लागली, सहाव्याला तिनं कप खाली पाडला. शॉना दाराशी उभी होती. डेलानं तिच्याकडे हात पसरले. लोवेल यांनी तेही पाहिलं आणि सातवी खूण केली.

हॅलोरननी दोन्ही शीट शेजारी ठेवल्या. दहा उणे, दहा उणे.

"आपलं शंभर टक्के जुळलंय, मिस्टर प्रुइट," त्या म्हणाल्या. "मग आधीच्या सोळा दिवसांचं काय?"

"खोट्या आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या. तिनं मागितलं नव्हतं. पण तिला काय हवंय ते मला कळलं होतं. मी ते लिहिलं."

हॅलोरननी जुनी शीट काढून घेतली, प्रत्येकीवर तिरकी रेघ मारली, तारीख घातली. मग म्हणाल्या की अहवाल आजच परत घेते, आणि शाळेला कारणही कळवावं लागेल. रेनीलाही कळवावं लागेल. ते मी सांगतो, लोवेल म्हणाले.

"तुम्ही विचारलंत नाही, तरी सांगते," हॅलोरन म्हणाल्या. "ती तुमच्याकडे मागत नाही, कारण तिच्यावर तुमच्याकडे मागायची वेळच येत नाही."

"म्हणजे माझीच चूक."

"पपॉ, मला तिचं काही म्हणजे काही कळत नाही," शॉना दारातून म्हणाली. "ओठ चावला काय, कान खाजवला काय, मला सगळं सारखंच. म्हणून बिचारी कार्ड देते. मी ठोंबी आहे, माझं सगळं भांडवल तेच."

लोवेल हसले नाहीत. पण ओठ चावणं आणि कान खाजवणं हिच्याही नजरेत आलंय, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तेही त्यांना आवडलं नाही.

रेनी त्या दिवशी रागावली, फार नाही. "मला सांगायचं होतंत," एवढं म्हणाली. "मीही शॉनावर जळते, डॅड. मी काय, रविवारी कपाटात जाऊन रडते. राग शीटवर नाही काढत."

पुढचं काम असं ठरलं. लोवेल समोर बसतील आणि काही कळत नाही असा चेहरा ठेवतील. बोलायचं नाही, ओठाकडे बघायचं नाही. शॉना डेलाच्या पाठीमागे बसेल. डेलानं कपाकडे हात नेला की शॉना मागून तिचा हात कार्डावर नेईल आणि कार्ड लोवेल यांच्या तळहातावर ठेववेल. त्याच क्षणी कप द्यायचा. म्हणजे नातीचं कार्ड आजोबांच्या हातात पडणार, ते शॉनाचा हात त्यावर असेल तेव्हाच. शॉनाच्या नखांना हिरवा रंग होता. पहिले चार दिवस लोवेल यांच्या तळहातावर प्रत्येक कार्डाबरोबर ती हिरवी नखंही आली. मदत घेऊन ठेवलेलं कार्ड अधिक धरत नाहीत. त्यांनी शीटवर चाळीस उणे लिहिले.

काही न कळल्यासारखं बसणं त्यांना जड गेलं. डेलानं कानामागे खाजवलं की ते अर्धे उठायचे. "बसा," शॉना मागून म्हणायची. "तुम्हाला ती कोण आहे हेसुद्धा माहीत नाही. तुम्ही टपाल टाकायला आलाय." तिसऱ्यांदा ती असं म्हणाली तेव्हा, टपालवाल्याला आत घेऊन गर कोण खायला घालतं, असं त्यांनी विचारलं. पहिल्यांदा दोघं एकाच वेळी हसली. लोवेल यांनी आधी थांबवलं.

काल, नवव्या दिवशी, सहाव्या प्रयत्नाला डेलानं कपाकडे पाहिलं आणि तिचा हात कपाकडे न जाता कार्डाकडे गेला. शॉनाचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते. डेलानं कार्ड उचललं, लोवेल यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर दोन बोटं दाबून धरली, ते पडू नये म्हणून. त्यांनी कप दिला. देताना जरा सांडला. आठव्या प्रयत्नाला पुन्हा तसंच झालं. बाकीचे आठ मदतीनं. शीटवर दोन अधिक, आठ उणे. शॉनानंही वेगळ्या शीटवर खुणा केल्या होत्या, त्याही तशाच निघाल्या.

दोन्ही वेळा गर खाऊन झाल्यावर डेलानं मागे वळून शॉनाकडे पाहिलं. लोवेल यांनी ते पाहिलं. त्यासाठी शीटवर रकाना नाही.

शाळेनं पहिल्या सत्रापुरता मदतनीस मंजूर केला आहे. शॉनाचे पाच दिवस तसेच राहिले आहेत. उद्या शुक्रवारी ती साडेआठला येईल आणि हल्ली जाते तशी साडेअकराऐवजी बाराला जाईल. शेवटचा अर्धा तास ती डेलाच्या पाठीमागे, लोवेल यांच्या समोर बसलेली असेल.