तिखुराचं आजोळ

आमच्या आईला आजोळ नव्हतं. म्हणजे असणारच कुठेतरी, पण कुठे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तिची आई, म्हणजे माझी आजी, एटापल्लीकडच्या कुठल्याशा जंगलगावातून लग्न होऊन चंद्रपूरकडच्या मूल गावी आली आणि आई रांगत होती तेव्हाच वारली. मागे राहिलं ते तिनं माहेरून आणलेलं तिखुराचं बेट. आमच्या परसात, राइस मिलचा कोंडा उडून येतो त्या कोपऱ्यात, ते अजूनही आहे. उन्हाळ्यात वर्गातल्या पोरी आजोळी निघाल्या की आई त्या झाडाशी जाऊन बसायची. हे तिनं मला हसत सांगितलं होतं, पण मला काही हसू आलं नाही.

तिखूर हळदीच्या कुळातला. मोठ्या झाडांच्या सावलीत, जमिनीलगत वाढतो. त्याच्या कंदाचं पांढरं पीठ उपासाच्या खिरीत घालतात. चंद्रपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता मी याच झाडाच्या मागे का लागले, हे आता निराळं सांगायला नको.

हजारो वर्षांपूर्वी दूर उत्तरेत बर्फ साचला होता, तेव्हा आपल्याकडे पाऊस रोडावला आणि जंगल आक्रसलं. मग सावलीतल्या या बुटक्या झाडांनी जायचं कुठे? माझा अंदाज असा, की ती ओलाव्याच्या नाल्यांत दडून राहिली आणि पाऊस परतल्यावर तिथून पसरली. जिथे दडली तिथे त्यांचे वाण भरपूर, जिथे नंतर मोजकीच पोचली तिथे एकदोनच. पानातला डीएनए पाहिला की हे उलगडतं. म्हणून मी चंद्रपूरपासून एटापल्लीपर्यंतच्या जंगलांतून पानं आणायची आणि नकाशावर बाण काढायची, या नाल्यातून त्या पहाडीकडे. बाण काढण्यात मला इतका आनंद होतो की नवऱ्यानं त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा करून घेतली आहे.

एकदा परसातलंही पान गुपचूप पुडीत घातलं. आईला उगाच आस लावायची नव्हती. पण तिच्या नजरेतून ते कुठलं सुटायला!

"पान काऊन तोडलं?"

मी सांगितलं.

"मंग माह्या मायचं गाव सांगन का ते?"

"बघू," म्हणाले. त्यानंतर चंद्रपूरला रोज तिचा फोन.

परसातला तिखूर मूलच्या आसपासच्या एकाही तिखुराशी जुळला नाही. जुळला तो एटापल्लीच्या पुढच्या एका अरुंद नाल्याशी. मला सर्वांत जास्त वाण जिथे सापडले होते तो हाच नाला, माझ्या अंदाजानं जुना आसरा. मला आनंद लपवता येईना, तरी आईला नीट बजावलं, "झाडाचं गाव सापडलंय, आजीचं नाही. नाल्याभोवती कितीतरी गावं आहेत. कदाचित आजीनं कंद बाजारातूनही घेतला असेल."

"तू गाडी सांग," आई म्हणाली.

तिखुराची पानं सुकून कंद खणायचे दिवस आले तेव्हा निघालो. आईच्या मांडीवर एक जड कापडी पिशवी होती. आत काय म्हणून विचारलं तर "जिन्नस हाय" एवढंच. मी समजले, चिवडा असेल.

नाल्यात एक बाई कंद खणत होती. कंद काढून घेतले की कोंब असलेला एक तुकडा परत खड्ड्यात ठेवायची. तिनं वर बघून आईला विचारलं, "कोन्या गावच्या, बाई?"

जन्मभर या प्रश्नाला आईनं "मूल" असंच उत्तर दिलं होतं. आज म्हणाली, "माह्यी माय इथची."

त्या बाईला आजीबद्दल काही ठाऊक नव्हतं. असणार तरी कसं? पण ती सरकली आणि आईला शेजारी बसायला जागा करून दिली.

आईनं पिशवी सोडली. आत परसातलं तिखुराचं बेट होतं, मुळांना कोंड्याची माती चिकटलेली. ते तिनं सरळ त्या बाईच्या खड्ड्यात ठेवलं.

"आई, नको!" मी ओरडलेच. "इकडचं तिकडे केलं तर उद्या पान तपासणाऱ्याला कसं कळायचं, कोण कुठून आलं?"

बोलता बोलता मलाच प्रश्न पडला. आईसारखंच याआधी कुणी केलं नसेल कशावरून? इथले इतके वाण पावसाविना तगलेले, की माणसांनी पदरात बांधून आणलेले? झाड इथून मूलला गेलं असं मी ठरवून टाकलं होतं, पण बाणाचं टोक नक्की कोणत्या बाजूला? भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली.

आई हातानं माती लोटत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आजोळी रिकाम्या हातानं येते का कोनी?"