एका चावीत

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. एका जागी चार माणसं आणि एक बिघडणारी वस्तू ठेवा, आणि वर्षभराने या, मोजता येणार नाहीत! आमच्याकडे ती वस्तू म्हणजे एक छोटा डिझेल लोडर होता.

बांगलादेशची लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमचे हे मुंबईच्या गोदीतलं काम सोडून कलकत्त्याला एका ठेकेदाराकडे हेडमिस्त्री म्हणून आले. खिदिरपूर डॉकजवळ त्या मालकांचं यार्ड, यार्डातच आमची खोली. लोडर परदेशात वापरून जुना झालेला. पुढे बादली, मध्ये पिंजऱ्यात सीट, मागे इंजिन. स्टिअरिंग नाहीच, दोन दांडे. एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरायचा. क्रेनने त्याला जहाजाच्या पोटात उतरवायचं आणि त्याने कोपऱ्यांतलं धान्य ढकलून मध्ये आणायचं. काम झकास. पण चालू होईल तर ना!

मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, "दुर्गापूजेच्या आधी जहाज कंपनीचा साहेब बघायला येणार. त्याच्यासमोर एका चावीत चालू झाला तर ठेवतो. नाहीतर लोडर भंगारात, आणि मिस्त्रीजी, तुम्ही मुंबईला."

मुंबईची खोली आम्ही सोडून आलो होतो. आमची कुसुम तिसरीत, आणि तिची ही तिसरी शाळा. मी स्वतः शाळेची पायरी चढले नाही. हिने तरी एका शाळेत सलग दोन वर्षं काढावीत, एवढंच माझं म्हणणं होतं.

*

इंजिनातलं मला काय कळणार! पण खिडकी यार्डाकडे, त्यामुळे कान तयार झाले. सकाळी चावी फिरली की तीनपैकी एक आवाज यायचा. नुसतं "टक्" झालं तर दुखणं बॅटरीचं, हे दहा मिनिटांत चहाला येणार. "घर्र घर्र" म्हणजे इंजिन फिरतंय पण पेटत नाही, डिझेल पोचत नाही, जेवण दोन वाजता. आणि "कुंईऽऽ" असं नुसतंच भिरभिरलं तर स्टार्टर खाली उतरणार, मग जेवणाचं नावच नको. भात मी घड्याळावर नाही, त्या आवाजावर टाकायची.

"टक्" झालं की आमचे इलेक्ट्रिशियन निताईबाबू दारात. "बौदी, गरम जल!" बौदी म्हणजे वहिनी. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा भुगा साचायचा. त्यावर उकळतं पाणी ओतलं की टोकं स्वच्छ. चहाचं आधण तिकडे जायचं.

एकदा फोर्ट विल्यममधल्या एका सुभेदाराची बायको, आपल्या साताऱ्याकडची, माझ्याकडे येऊन बसली होती. म्हणाली, "अगं बाई, हा माणूस चौथ्यांदा आला. किती चहा पितो!"

म्हटलं, "तो कुठला पितोय? बॅटरी पिते!"

*

एकदा निताईबाबूंनी सकाळीच सांगितलं, "दादा, स्टार्टार बाजे."

हे म्हणाले, "वाजतोय ना? मग बरा आहे." आणि फिल्टर खोलला. मग डिझेलचा पाइप खोलला. मग पंपाला हात घातला. निताईबाबू बिचारे स्टुलावर बसून बघतायत. मिस्त्री मोठा, मध्ये बोलायचं कसं!

दुपारी तीन वाजता ह्यांनी पान्हा आपटला. "सगळं ठीक आहे, मग हा चालू का होत नाही?"

"आमि तो सकालेई बोल्लाम, स्टार्टार बाजे!"

"अहो, वाजतोय म्हणून तर त्याला हात लावला नाही!"

बंगालीत बाजे म्हणजे वाईट, हे मला कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. पण मला कोण विचारतंय!

*

शाळेत बाईंनी कुसुमला विचारलं, तुझे बाबूजी काय काम करतात? ती म्हणाली, "पहले चावी घुमाते हैं, फिर गाली देते हैं."

बाईंनी मला बोलावून विचारलं, "ड्रायव्हर आहेत का?"

म्हटलं, "नाही हो. ड्रायव्हर नुसती चावी फिरवतो. शिव्या मिस्त्री देतो!"

*

विजेचा तर आनंदच होता. बॅटरी सकाळी आठला चार्जरला लावली, दुपारी चारला काढून लोडरमध्ये बसवली. चावी फिरवली, "टक्"!

हे म्हणाले, "आठ तास चार्ज केलेली बॅटरी मरते कशी? खराब झाली ही. नवी मागवा."

मी पदराने वारा घेत होते. म्हटलं, "सकाळपासून माझा पंखा बंद आहे. लोडशेडिंग काय फक्त माझ्याच खोलीत आहे?"

मग निताईबाबू हळूच म्हणाले, "पण बौदी, चार्जरला तर लावलेलीच होती!"

*

आमचे ड्रायव्हर लखनभय्या, छपरा जिल्ह्यातले, फार देवभोळे. लोडर रोज सकाळी घर्र घर्र करून तासभर छळायचा. पाइपात हवा शिरलेली असायची, ती काढावी तेव्हा पेटायचा. एक दिवस लखनभय्यांनी त्याला नेहमीची जागा सोडून भिंतीकडेला, पलीकडच्या काली मंदिरासमोर, उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका चावीत चालू!

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी बादलीला जास्वंदीचा हार आला, निताईबाबूसुद्धा लांबून नमस्कार करू लागले.

हे मात्र जमिनीवर बाटली आडवी ठेवून बघत होते. बाटली गडगडत इंजिनाकडे गेली. तिथे उतार होता, त्यामुळे टाकी वर आणि इंजिन खाली. डिझेल रात्रभर टाकीकडे परत सरकत नव्हतं, पाइपातच राहत होतं. म्हणजे सपाटीवर हवा ओढणारी चीर टाकीकडच्या रबरी पाइपातच असणार. शोधली, सापडली, पाइप बदलला.

"बघा," हे म्हणाले, "देवीबिवी काही नाही. उतार होता."

लखनभय्यांनी हार नीट केला. "और मिस्त्रीजी, वो उतार किसने बनाया?"

*

पूजेला आठ दिवस उरले आणि जहाज कंपनीचा साहेब आला. सकाळी ह्यांनी दोनदा चालू करून बंद केला होता, दोन्हीदा एका चावीत. नवा शर्टही घातला होता.

मालक म्हणाले, "चावी मीच फिरवणार!" धोतर सावरत बादलीवरून आत चढले आणि फोटोला बसल्यासारखे सीटवर बसले. हातात कागदांनी फुगलेली चामड्याची बॅग. ती ठेवायची कुठे? सीटशेजारी एक लोखंडी कडी लोंबत होती, तिला अडकवली.

आता तो लोडर चावीने बंद व्हायचा नाही. बंद करायला तीच कडी खाली ओढायची, की पंपातलं डिझेल तुटायचं.

मालकांनी चावी फिरवली. घर्र घर्र घर्र. परत फिरवली. घर्र घर्र घर्र.

साहेबाने घड्याळ बघितलं. हे आणि निताईबाबू मागे धावले, झाकण उघडलं, दोघांची डोकी इंजिनात. ह्यांचा आवाज मला ऐकू आला, "टाकीत आहे, फिल्टरपर्यंत आहे, पंपापर्यंत आहे. पुढे कोरडं!"

मालक सीटवरून म्हणाले, "मिस्त्रीजी, भंगारवाला समोरच्याच गल्लीत आहे."

मी चहाचा ट्रे घेऊन पुढून येत होते, मला कडी दिसत होती. पण पाहुण्यासमोर मालकाला "तुमच्यामुळे अडलंय" म्हणणार कोण? मग मुंबईची गाडी आम्हाला पकडायला लागली असती ती वेगळ्याच कारणाने!

ट्रे पुढे केला आणि म्हटलं, "बाबूजी, आपके बॅग को ग्रीस लगता है."

मालकांनी बॅग झटकन उचलून मांडीवर घेतली. कडी वर गेली.

"अब फिराव चावी," मी म्हटलं, "चाय ठंडी होती है."

फिरवली. एका चावीत! काळा धूर निघाला, भिंतीवरचे कावळे उडाले, साहेबाने हसून मालकांशी हात मिळवला.

हे तेलकट हातांनी पुढे आले. मालकांच्या मांडीवरची बॅग पाहिली, कडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी कप मोजत होते.

मालक खाली उतरले. "मिस्त्रीजी, दोष कुठे होता?"

ह्यांनी चिंधीला हात पुसले. "सीटवर होता, मालक."

मालकांनी मागे वळून सीट नीट न्याहाळली. चेहरा गंभीर झाला.

"मग बघता काय? भंगारवाल्याला ही सीट द्या, आणि आजच्या आज नवी बसवा!"