माकडं धरणारा वजीर

बायको मासूमा वारली, मुलगी इशरत लग्न होऊन मोंबासाला गेली आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर तांडेलानं वजीरला गलबतावरच्या कामावरून उतरवलं. बावन्नाव्या वर्षी पूर्णगडच्या घरात त्याला दिवसभर बोलायला कुणी उरलं नाही. म्हणून १९५६च्या दिवाळीनंतर रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, बेहेरे डॉक्टरांना माकडं सांभाळायला माणूस हवाय असं कळलं, तेव्हा तो आनंदानं गेला.

सहा माद्या होत्या, सगळ्या कोवळ्या, अजून वयात न आलेल्या. त्यांतल्या एकीला पहिल्याच आठवड्यात त्याचा लळा लागला. तो केळं घेऊन बसला की ती पिंजऱ्याच्या गजांतून हात काढून त्याच्या मनगटावरचे केस निवडत बसायची. वजीर तिला चिमणी म्हणायचा आणि इशरतच्या लहानपणच्या गोष्टी सांगायचा.

मग सुया सुरू झाल्या. गाभण घोडीच्या रक्तातून काढलेलं औषध डॉक्टर रोज सकाळी टोचायचे. एवढ्या लहान वयात अंडाशय जागं होतं का, ते त्यांना पाहायचं होतं. माकड धरायचं काम वजीरचं. डॉक्टर मागच्या बाजूनं टोचायचे. चिमणीला दिसायचे ते वजीरचे हात. चौथ्या दिवशी तिनं केळं घेतलं नाही. मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"डॉक्टरसाहेब, धरायला दुसरा कुणी बघा. मी नुसता खायला घालीन."

"दुसरा कुठून आणू, वजीरभाई? तुमच्या हातात माकडं कमी धडपडतात."

ते खरंच होतं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी भूल देऊन चिमणीचं पोट उघडलं. वाटाण्याएवढं असायचं ते अंडाशय बोराएवढं फुगलं होतं, वर पाण्याचे फोड. डॉक्टर हरखले. टाके घालून झाल्यावर म्हणाले, "औषध थांबलं की पुन्हा निजेल ते. हिची वेळ अजून यायचीय."

वजीर तिला शुद्ध येईपर्यंत मांडीवर घेऊन बसला. डोळे उघडताच तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि दात विचकले.

पावसाळ्याआधी सगळा पसारा मुंबईला हलला. खोक्यात घालताना चिमणी त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली. "मुंबईला चला आमच्याबरोबर," डॉक्टर म्हणाले. वजीर नको म्हणाला.

दीडेक वर्षानं पूर्णगडला कार्ड आलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'तुमची चिमणी औषधाशिवाय, आपल्या वेळेला वयात आली. तुम्हाला कळवावंसं वाटलं.'

वजीरनं ते दोनदा वाचलं. कुणाला तरी सांगावं म्हणून कार्ड घेऊन शेजारच्या सकिनाच्या दारापर्यंत गेला. ती मासळी साफ करत होती.

"काय वजीरभाई, इशरतचं पत्र?"

वयात येण्याची गोष्ट, माकडिणीची का असेना, पुरुषानं परक्या बाईला सांगायची कशी?

"नाही. कामाचं आहे," तो म्हणाला.

तिनं दोन बांगडे पुढे केले. ते घेऊन तो घरी आला, चूल पेटवली आणि एकट्यापुरतं कालवण ठेवलं.