थोरलीचं डोकं आधी

आमच्या इसेयिन गावच्या बाजारात पाठमोऱ्या बाईचं डोकं बघून मी सांगत असे, हे आशाकेच्या हातचं. वेण्यांमधल्या सरी इतक्या सरळ, की आमच्या गुरुजींना पट्टी घेऊनसुद्धा तशी रेघ ओढता आली नसती. अर्थात गुरुजी पट्टी रेघेसाठी फारशी वापरतच नसत, हे माझ्या पाठीला विचारा.

चौकातल्या मोठ्या झाडाच्या एका अंगाला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि दुसऱ्या अंगाला आशाकेची चटई. तिची लाकडी फणी, काळा दोरा, ताडाच्या बियांच्या तेलाची वाटी. माझ्याकडे चाकं यायची, तिच्याकडे डोकी. आमच्या बायकांचे केस दाट, कुरळे, हट्टी. ते कुणापुढे वाकत नाहीत. आशाकेपुढे मात्र मुकाट बसायचे, त्यांची टोपली व्हायची, कमान व्हायची. शेजारच्या गावच्या जत्रेत आमच्या बायका डोक्याला फडकं न बांधता मिरवायच्या, ते डोकं दिसावं म्हणून.

एकदा लागोसहून एक मास्तरीणबाई आल्या. डोक्यावर परदेशी केसांचा टोप, घामानं भिजून भुवईपर्यंत उतरलेला. आशाकेनं तो दोन बोटांत धरला आणि माझ्या टायरांवर नेऊन ठेवला.

"बाई, ही मेलेली मांजर कुणाची?"

"शहरात हीच फॅशन आहे."

"असेल. पण खाली तुमचं स्वतःचं एवढं रान माजलंय, ते कुणासाठी राखून ठेवलंय?"

सगळा चौक हसला. उन्हं कलली तेव्हा बाई उठल्या, आरशात पाहिलं, आणि मान अशी ताठ करून चालायला लागल्या की टोप न्यायला विसरल्या. पुढे कितीतरी दिवस मी त्यानं साखळीचं वंगण पुसत होतो.

तर सगळे हसले, आशाके सोडून. ती हसायची नाही, हे आम्ही धरूनच चाललो होतो. लोकांना हसवायची, आणि स्वतः दोऱ्याचं टोक दातात धरून पुढचा भांग पाडायला घ्यायची.

ती आधी अशी नव्हती. तिला जुळ्या मुली झाल्या होत्या. आधी आली ती तायवो, मागून आली ती केहिंदे. आमच्याकडे मागून येते तीच थोरली. ती आतून धाकटीला पाठवते, जा, जग कसं आहे बघून ये, मग मी येते. तर थोरली आली, राहिली, आणि डोक्यावर वेण्या बसण्याएवढे केस झाले त्या वर्षी तापानं गेली.

जुळ्यातलं एक गेलं की त्याची लाकडाची बाहुली घडवून घेतात. तिला न्हाऊ घालायचं, भरवायचं, कपडे चढवायचे. जे एकीला ते दुसरीला. गावचे सुतार ओजेलाबी मोजमाप घ्यायला आले. त्यांनी विचारलं, "आशाके, डोकं कसं काढू?"

"कोलेसे," ती म्हणाली. "मी शेवटचं तेच घातलं होतं."

कोलेसे म्हणजे कपाळापासून मानेपर्यंत सरळ उतरणाऱ्या वेण्या, रताळ्याच्या शेतातल्या सरींसारख्या. ओजेलाबींनी त्या अगदी बारीक कोरल्या, वर निळीचा रंग भरला. बाहुली तिच्या हातात दिली तेव्हा आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "हात धुऊन घ्या, जेवायला वाढते." कालवणात मीठ नव्हतं. ओजेलाबींनी तसंच खाल्लं, मीही, आणि तीही तेच अळणी कालवण शेवटपर्यंत जेवली.

दुसऱ्या दिवशी चटई घातली. तेव्हापासून गावाची डोकी तिच्या गुडघ्यांत येत गेली आणि जात गेली. हात चालायचे. बाकीची ती कुठे असायची, कोण जाणे.

तायवोच्या वेण्यांचा दिवस आला की आधी बाहुली मांडीवर. तिला धुवायची, डोक्याला तेल चोळायची, निळीचं बोट फिरवायची. खूप वेळ. मग म्हणायची, "थोरलीचं झालं. ये आता तू." आणि तायवोला कोलेसे. थोरलीपेक्षा धाकटीनं वेगळं काही करून पुढे जायचं नाही. गावच्या पोरी दर पंधरवड्याला नवं डोकं करायच्या, तायवोचं मात्र तेच.

"तायवो, अगं हे डोकं रात्री खुंटीला अडकवून ठेवतेस का गं?" पोरी विचारायच्या.

"हो. आणि सकाळी तुझ्याहून हुशार निघतं," तायवो म्हणायची. जिभेला धार होती पोरीच्या. आईपुढे मात्र कधी चालवली नाही.

मग तायवोचं लग्न ठरलं, आकांबी नावाच्या विणकराशी. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आकांबीची आत्या आदुनी चटईपाशी येऊन उभी राहिली. बाई आडव्या बांध्याची, आवाज त्याहून आडवा.

"विहीणबाई, नवरीच्या डोक्यावर अजून शेतच का? शुकू कधी घालणार?"

शुकू हे आमच्या नवरीचं डोकं. चारी बाजूंनी वेण्या चढवत न्यायच्या आणि टाळूवर टोपली बांधायची. ते नसेल तर नवरी कसली?

"कोलेसेच राहील," आशाके म्हणाली. हात दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाच्या डोक्यात.

"आणि आमच्या दारात बायका विचारतील, ही नवरी की पाणी भरायला आणलेली, तर मी काय सांगू?"

"सांगा, थोरलीचं कोलेसे आहे. धाकटीला ते ओलांडता येत नाही."

जुळ्यांचा नेम आहे, तो काही आत्याबाईनं केलेला नाही. तरी आदुनी गेली नाही. माझ्या बाकावर बसली आणि म्हणाली, "मग आमच्याकडची बाई आणून घालून घेऊ."

आशाकेचे हात तेवढे थांबले. गावभरच्या नवऱ्या मुली जिच्या हातून उठल्या, तिची स्वतःची मुलगी परक्या हातची शुकू घालून जाणार. चौकातल्या बायका आपोआप दुसरीकडे बघायला लागल्या.

चटईच्या कडेला बसलेली तायवो उठून घरात गेली. बाहुली घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली.

"काका, तुम्ही आईच्या हातचं डोकं पाठीमागून ओळखता ना? मग हे सांगा."

मी फडक्याला हात पुसले. बाहुलीच्या डोक्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. भोपळ्यासारखं गुळगुळीत. सरी नाहीत, वेण्या नाहीत, नुसता निळीचा काळसर डाग.

"इथं काही नाही, पोरी."

"आहे," आशाके म्हणाली. तिनं बाहुली ओढून घेतली, अंगठा कपाळापासून मानेपर्यंत नेला. मग बाजूनं नेला. मग नखानं चाचपलं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या अंगठ्याला इतकी वर्षं सरी लागत होत्या.

"कधीपासून?"

"मी लहान होते तेव्हापासून, आई. तू चोळचोळ चोळायचीस."

"बोलली नाहीस."

"तू म्हणायचीस, थोरलीचं झालं. मग मी काय बोलू?"

गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानं बसून राहिलं होतं. आदुनीनं माझा पंप उचलून उगाच वर-खाली केला. मला वाटलं, आता आशाके रडेल. मी तर मान वळवूनही ठेवली होती. पण ती रडली नाही. बाहुलीला मांडीवर घेतलं, काळ्या दोऱ्याचं टोक दातात धरलं, आणि त्या गुळगुळीत डोक्याभोवती दोरा गुंडाळत गुंडाळत वर चढवत नेला. टाळूवर आली, तिथं घट्ट गाठ मारून बोटाच्या पेराएवढी टोपली उभी केली. घसरते का ते हलवून पाहिलं. घसरली नाही.

"थोरलीचं झालं," ती म्हणाली. "ये."

मग तायवोच्या जुन्या वेण्या एकेक करून सोडवल्या. ऊन तिच्या बाजूनं फिरत माझ्या बाजूला आलं. आदुनी हटली नाही. मध्ये तिनंच आशाकेला पाणी पाजलं, हात मोकळे नव्हते म्हणून. अशी शुकू आमच्या गावानं आधी पाहिली नव्हती, आणि मी खूप डोकी पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी तायवो आईपुढे गुडघे टेकून बसली, नवरीची निरोपाची गाणी म्हणाली. आईनं डोक्यावर हात ठेवला. आम्हाला वाटलं, आशीर्वाद देईल. तिनं कानामागची एक वेणी ओढून बघितली.

"दुखतंय?"

"हो."

"मग नीट बसलंय," आशाके म्हणाली, आणि बाहुली तिच्या ओटीत घातली.